गाणाऱ्या बाईचे नाव लिहून ठेवा!

विहाराविहारात उभे राहावे कलावंत भगिनींचे मंडळ



चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत कोण गायले, असे कुणी विचारले तर बाहेरगावाहून आलेल्या गायन पार्टीचे नाव आपण चटकन सांगतो. पार्टी किती हजारांना ठरली, स्पीकर कुणाचा होता, वर्गणी किती जमली, हेही आपल्याला तोंडपाठ असते. पण जयंतीच्या आदल्या रात्री विहारात बायांनी बाबासाहेबांचा पाळणा म्हटला, त्यात सगळ्यांच्या पुढे आवाज कुणाचा होता? तो पाळणा तिला कुणी शिकवला? तिने स्वतः किती कडवी रचली? तिचे माहेर कोणते? इथे मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. त्या बाईला आपण 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची सासू' म्हणून ओळखतो. ती गेली की तिच्याबरोबर तिची गाणीही जातात. जलदान विधीला तिच्या मायेविषयी चार माणसे बोलतात, पण तिच्या गळ्याविषयी कुणी बोलत नाही.

आपल्या समाजात कलावंत स्त्रिया कमी आहेत असे मुळीच नाही. दळताना ओवी रचणारी आजी आहे. उसाच्या फडात मोळ्या बांधताना भीमगीत म्हणणारी ताई आहे. विड्या वळता वळता सगळ्या ओसरीला ठेका धरायला लावणारी मावशी आहे. जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर दोऱ्याने निळे चक्र उठवणारी काकू आहे. उणीव आहे ती त्यांचे गुण ओळखून, लिहून ठेवून, चारचौघांत मान देणाऱ्या संघटनेची. असा संघ पाठीशी असेल तर बाईची कला शतकानुशतके टिकते. नसेल तर एका पिढीत पुसली जाते. या दोन्ही गोष्टींचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत.

थेरींच्या गाथा कुणी जपल्या?

पाली त्रिपिटकात 'थेरीगाथा' नावाचा ग्रंथ आहे. भगवान बुद्धांच्या भिक्खुणी संघातील थेरींनी रचलेल्या ७३ काव्यांचा हा संग्रह. स्त्रियांच्या काव्याचा इतका जुना संग्रह जगात क्वचितच सापडेल. या थेरी सगळ्या राजघराण्यातल्या होत्या असे समजू नका. पुण्णिका ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी होती. कडाक्याच्या थंडीत नदीवरून पाणी वाहून आणणे हे तिचे काम. नदीत बुडी मारून पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला तिने आपल्या काव्यात निरुत्तर केले आहे. सुमंगलाची आई ही मुसळ-मडक्यांत पिचलेली गरीब कष्टकरी बाई. वैशालीची आम्रपाली तर गणिका होती. उतारवयात आपल्या देहाकडे पाहून तिने रचलेले काव्य आजही वाचणाऱ्याला अंतर्मुख करते.

या गाथा अडीच हजार वर्षे कशा टिकल्या? सुरुवातीला त्या लिहिलेल्याही नव्हत्या. संघाने त्या पाठ केल्या. एका पिढीने दुसऱ्या पिढीला तोंडी दिल्या. बहुतेक गाथांना त्यांच्या रचणारीचे नाव लावून दिल्या. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक लिहून काढले गेले, त्यात या दासी, गणिका, कष्टकरी स्त्रियाही अक्षरबद्ध झाल्या. त्यासाठी संघाला कुणी पगार दिला नव्हता. ही आपली गोष्ट आहे, ती जपली पाहिजे, एवढीच भावना त्यामागे होती. आजच्या शब्दांत सांगायचे तर स्त्रियांच्या कलेचा गौरव करणारे ते पहिले स्वयंसेवक मंडळच होते.

हिवरगावची पवळा

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून आपण 'नगर'च म्हणतो. या जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचे गाव आहे. त्या गावातल्या तबाजी भालेरावांच्या घरी १८७० साली एक मुलगी जन्मली. जातीने महार. लहानपणीच तिला खंडोबाची मुरळी म्हणून सोडले, असे सांगतात. हीच पुढे अवघ्या महाराष्ट्रात 'नामचंद पवळा' म्हणून गाजली. तोवर तमाशात बाईचे काम पोरगे करीत. त्यांना 'नाच्या पोऱ्या' म्हणत. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून पवळेचे नाव घेतले जाते.

रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांनी तिच्यासाठी लावण्या लिहिल्या. दोघांच्या जोडीने मुंबईची थिएटरे गाजवली. बापूरावांनी ब्राह्मण्य सोडून महारणीशी संसार केला याची केवढी चर्चा झाली! त्यांच्यावर लेख लिहिले गेले, चित्रपट निघाला, त्यांच्या नावाने पुरस्कार आले. ते शाहीर मोठेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या लावणीला ज्या गळ्याने आणि ज्या पायांनी जिवंत केले, त्या पवळेचे काय? १९३९ साली ती गेली. अखेरचे दिवस हलाखीत गेल्याचे सांगतात. आजही तिची ओळख बहुतेक ठिकाणी 'बापूरावांची पवळा' एवढीच करून दिली जाते. लिहिणाऱ्याच्या लावण्या छापून राहिल्या. गाणारीची मुरकी, तिची अदा, तिने लावणीत स्वतः काय भर घातली, हे कुणी लिहून ठेवले नाही. शे-दीडशे वर्षांपूर्वीची ही बाई आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पुण्णिकेपेक्षा कमी ठाऊक आहे. हा फरक कशाने पडला याचा विचार करा. पुण्णिकेच्या मागे संघ होता. पवळेच्या मागे फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक होता.

पवळेच्या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. कोपरगाव तालुक्यातल्या पोहेगावची लेक, पुण्याच्या येरवड्यात वाढलेली, डॉ. शैलजा पाईक या आज अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापिका आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आहे आणि त्यात पवळेला तिच्या स्वतःच्या नावाने उभे केले आहे. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा जगातला मोठा सन्मान मिळाला. नगर जिल्ह्यातल्या एका कलावंत बाईची दखल नगर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या लेकीने घेतली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यासाठी पवळेला मरणानंतर ऐंशीहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली.

बाबासाहेबांचा नकार कशाला होता?

इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. बाबासाहेबांनी तर तमाशा सोडायला सांगितला होता. मग तमाशातल्या बाईचा गौरव आपण कसा करायचा?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातली एक हकीकत चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. कारण उघड होते. ते पैसे आपल्याच समाजातल्या बायांना नाचवून मिळणार होते. बायांच्या अब्रूच्या मोलावर समाजाची अब्रू विकत घेता येत नाही, हा त्या नकाराचा अर्थ. पुढे १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासी भगिनींची सभा घेतली. हा लाजिरवाणा धंदा सोडा आणि मानाने जगा, असे त्यांनी त्यांना कळकळीने सांगितले. ज्या बायांकडे बाकीचा समाज फक्त रात्री पाहत होता, त्यांच्याशी बाबासाहेब दिवसाढवळ्या सभा घेऊन बोलले, हे आपण विसरतो.

म्हणजे बाबासाहेबांचा नकार होता तो बाईला बाजारात उभे करणाऱ्या व्यवस्थेला. गाणाऱ्या गळ्याला त्यांनी नकार दिला नव्हता. त्यांच्या चळवळीचा विचार गावोगाव नेला तो जलशांनीच. भीमराव कर्डकांसारखे शाहीर ढोलकी तीच घेऊन उभे राहिले, फक्त गण-गौळणीची जागा समतेच्या विचाराने घेतली. मात्र या जलशांतही स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. बोर्डावर बाईने उभे राहायचे म्हणजे पुन्हा तोच बाजार, ही त्या काळाची धास्ती होती आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे झाले असे की, तमाशातून बाई बाहेर आली आणि जलशात तिला जागा मिळाली नाही. तिचे गाणे जात्यावर, पाळण्यापाशी आणि विहाराच्या मागच्या सतरंजीवर राहिले.

भगवान बुद्धांनी आम्रपालीच्या घरचे भोजन स्वीकारले. लिच्छवी राजपुत्रांनी त्या निमंत्रणासाठी तिला लाखाचे आमिष दाखवले, तरी तिने ते सोडले नाही. बुद्धांनी तिचे दान घेतले आणि बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे नाकारले, या दोन गोष्टी वरवर पाहता उलट वाटतात. नीट पाहिले तर दोन्हीचा गाभा एकच आहे. आम्रपालीने आपले दान आपल्या मर्जीने, आपल्या हाताने दिले. तमाशाचे उत्पन्न देऊ करणारे बापूराव होते. ज्या बाया नाचणार होत्या त्यांचे मत त्या हकीकतीत कुठेच ऐकू येत नाही. दोन्ही ठिकाणी विचार झाला तो बाईच्या माणूसपणाचा. म्हणून आपण ज्या गौरवाविषयी बोलतो आहोत, त्याचा पहिला नियम हाच असला पाहिजे: बाईची मर्जी, बाईचे नाव आणि बाईचा मान.

आपल्या कित्येक घरांत अशी एखादी आजी किंवा पणजी होऊन गेली आहे, जिचा उल्लेख दबक्या आवाजात होतो. 'ती फडावर होती' एवढे म्हणून विषय बदलला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण घुंगरू ठेवून दिले ते योग्यच केले. पण घुंगरासोबत त्या आजीलाही आपण अडगळीत टाकले. तिने त्या कमाईवर भाऊ शिकवले असतील, भाचरे वाढवली असतील. लाज वाटायचीच तर ती तिला नाचायला लावणाऱ्या जातिव्यवस्थेची वाटावी. त्या आजीची कशाला?

पदके मिळाली, पोट भरले नाही

पवळेनंतरच्या काळातही फार फरक पडला असे नाही. नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. भरल्या पोटाने नाचताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर गेल्या, ही त्यांची हकीकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तरीही २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस ओढगस्तीतच गेले होते. आता त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देते. तो पुरस्कार मिळालेल्या कांताबाई सातारकर या आपल्या संगमनेरच्या. त्यांनी बोर्डावर पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या आणि पुढे स्वतःचा फड उभा करून शेकडो कलावंतांचे पोट चालवले. २५ मे २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत त्या गेल्या. फड बाईच्या हातात आला की हिशेबाची वही तिच्या हातात येते, हे कांताबाईंनी दाखवून दिले.

यातून आपल्याला एक धडा घेण्यासारखा आहे. शाल आणि नारळ हा गौरवाचा शेवटचा भाग आहे. आधी तिचे नाव, मग तिच्या कष्टाचा मोबदला, मग तिच्या म्हातारपणाची काळजी, आणि शेवटी शाल.

ज्यांनी नावे लिहून ठेवली

नावे लिहून ठेवल्याने काय होते, याचे चार दाखले पाहू.

पहिला मुक्ता साळवेचा. सावित्रीमाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. हे 'ज्ञानोदय' १८४२ साली सुरू झाले ते आपल्या अहमदनगरातच. निबंध छापला गेला आणि त्याखाली तिचे नाव राहिले. म्हणून आज शाळेतली आपली मुलगी 'मुक्ता साळवे' हे नाव अभिमानाने घेते.

दुसरा दाखला बेबीताई कांबळे यांचा. फलटणला छोटेसे दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिले आणि घरच्यांच्या नजरेआड सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या विदुषींनी ते वाचले, छापायचा आग्रह धरला आणि १९८६ साली पुस्तक निघाले. त्याच साली शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आली. पुढे तिच्यावर दूरदर्शनवर 'नाजुका' ही मालिका झाली. लपवलेली वही बाहेर यायला कधी कधी 'दाखव बरं' म्हणणारी एकच मैत्रीण पुरते.

तिसरा दाखला ऊर्मिलाताई पवार आणि मीनाक्षीताई मून यांचा. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या स्त्रियांची माहिती कुठल्याच ग्रंथालयात नव्हती. या दोघी नोकरी-संसार सांभाळून पदरमोड करीत हिंडल्या, वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांच्या दारात बसल्या, त्यांचे बोल लिहून घेतले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेला सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या होत्या. त्यातल्या कितीकींची नावे अशा पायपिटीमुळेच आपल्याला कळली. या दोघींनी हे काम आणखी दहा वर्षे लांबवले असते, तर त्यातल्या किती आज्या सांगायला उरल्या असत्या?

चौथा दाखला ओव्यांचा. पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवी कुणाची, गाव कोणते, हे त्यांनी टिपून ठेवले. १९९६ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हा ठेवा इंटरनेटवर 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून प्रसिद्ध होत आहे. घराघरातले जाते आता बंद झाले, चक्की आली. पण त्या आज्यांचा आवाज राहिला. जे माजलगावला झाले ते श्रीरामपूर, नेवासे, राहुरी, पाथर्डीच्या भीमनगरांत का होऊ नये?

आपले मंडळ कसे उभे करावे?

यासाठी मोठा निधी लागत नाही. विहार आहे, सतरंजी आहे, प्रत्येक घरात मोबाईल आहे. लागतात ती मनापासून काम करणारी सात-आठ माणसे. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, अध्यक्ष आणि खजिनदार स्त्रीच असावी. पुरुषांनी सतरंज्या घालाव्यात, चहा करावा, मुले सांभाळावीत, स्पीकर जोडावा. पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे धावू नका. आधी काम करा. पुढे काम जमले तर संस्था नोंदणीला सात सभासद लागतात, ते तोवर तयार झालेले असतात.

पहिले काम वहीचे. शंभर पानी वही घ्या आणि वस्तीतल्या प्रत्येक गाणाऱ्या, रचणाऱ्या, वाजवणाऱ्या, गोधडी-भरतकाम करणाऱ्या स्त्रीसाठी दोन पाने ठेवा. त्यात तिचे पूर्ण नाव, माहेर आणि सासर, कला कोणती, कुणाकडून शिकली, कधीपासून करते, आणि तिने स्वतः रचलेले काय आहे ते लिहा. गाणे मोबाईलवर उतरवून घ्या. पण त्याआधी तिची परवानगी घ्या, आणि ते कुणाला ऐकवायचे, कुणाला नाही, हेही तिलाच विचारा. जुन्या फडावरची आजी असेल तर हा नियम दुप्पट पाळा. तिने सांगितले 'लिहू नको', तर लिहायचे नाही.

दुसरे काम पौर्णिमेचे. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास एका कलावंत भगिनीला द्या. ती गाईल किंवा तिची गोधडी सर्वांसमोर उलगडली जाईल. तिची ओळख वहीतून वाचून दाखवायची, 'अमक्याची आई' म्हणून नव्हे, तिच्या स्वतःच्या नावाने. सोबत एखादी शाळकरी मुलगी बसवा आणि तिला ते गाणे शिकू द्या. अशा बारा पौर्णिमांत बारा गाणी बारा मुलींच्या गळ्यात उतरतील. संघाने गाथा जपल्या त्या याच रीतीने.

वेळ ठरवताना आपल्या माणसांचे कष्ट ध्यानात घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या गाणाऱ्या बाया हव्या असतील तर वर्षावासाचे तीन महिने उत्तम. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या ताईंना त्यांच्या सुट्टीचा दिवस सोयीचा. रात्री उशिराचा कार्यक्रम ठेवला की घरी भांडण होते आणि दुसऱ्या वेळी ती येत नाही. दुपारी तीन ते पाच ठेवा. बाहेरगावची असेल तर जायचे-यायचे भाडे आधी हातात द्या आणि मंडळातल्या दोघी तिला घरापर्यंत सोडायला जाऊ द्यात.

तिसरे काम मानधनाचे. बाहेरच्या पार्टीला आपण हजारो रुपये मोजतो आणि वस्तीतल्या बाईला म्हणतो, 'तू तर घरचीच आहेस.' ही रीत मोडा. जयंतीच्या वर्गणीतला ठराविक वाटा वस्तीतल्या स्त्री कलावंतांसाठी राखून ठेवा, असा ठराव उत्सव समितीच्या पहिल्या बैठकीतच मांडा. रक्कम पाचशे असो की हजार, पाकिटात घालून, तिचे नाव पुकारून, तिच्याच हातात द्या. घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातात नको. जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहा म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

चौथे काम म्हातारपणाचे, आणि इथेच त्या वहीचा खरा उपयोग कळतो. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. २०२४ पासून तिच्यात महिना ५ हजार रुपये मिळतात. त्यासाठी वयाची ५० वर्षे पूर्ण असावी लागतात, कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम दाखवावे लागते आणि उत्पन्नाचीही अट असते. आपली आजी चाळीस वर्षे गात आली. पण पुरावा? कार्यक्रमाची पत्रिका नाही, वर्तमानपत्राचे कात्रण नाही, फोटो नाही. अर्ज करायला गेलेली बाई खिडकीवरून परत येते ती एवढ्यासाठीच. मंडळाने आजपासून पत्रिका छापल्या, तारीख घालून फोटो काढले, वहीत नोंद केली, तर आज पस्तिशीत असलेल्या ताईला पन्नाशीत हे सिद्ध करता येईल. आणि आज सत्तरीत असलेल्या आजीसाठी तिच्याबरोबर गायलेल्यांचे, गावच्या शाळेचे, ग्रामपंचायतीचे दाखले आताच जमवायला लागा. पंचायत समितीत चौकशी करा, मंडळातल्या शिकलेल्या मुलीला अर्ज भरायला बसवा. एका आजीचे मानधन सुरू झाले तरी मंडळाचे सार्थक झाले.

अडचणी येतील

घरचे म्हणतील, 'आपल्या बाया आता पुन्हा नाचगाण्यात घालायच्या का?' त्यांच्याशी भांडू नका. त्या रागामागे पिढ्यांचा अपमान आहे. त्यांना विहारातला कार्यक्रम पाहायला बोलवा. जिथे तिकीट नाही, दारू नाही, शिट्टी नाही, जिथे बाई आपल्या मर्जीने गाते आणि समोर तिची नात बसलेली असते, तिथे बाबासाहेबांनी नाकारलेले काहीच नसते.

कुणी पुढारी म्हणेल, 'कार्यक्रमाचा खर्च मी करतो, फक्त माझा फ्लेक्स लावा.' नम्रपणे नाही म्हणा. ज्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि गाणारीचा फोटोच नाही, तो गौरव तिचा नसतो.

कुणी म्हणेल, 'आमच्या मंडळात अमक्या जातीच्या नकोत.' मुक्ता साळवे मातंग होती आणि तिने मांग आणि महार दोघांचे दुःख एकाच निबंधात लिहिले, एवढे त्यांना सांगा. ओसरीवर विड्या वळताना आणि उसाच्या फडात कोयता चालवताना साऱ्या जणी एकत्रच असतात. गाताना वेगळ्या कशाला?

आणि काही ठिकाणी तीन महिन्यांत उत्साह ओसरेल. ओसरू द्या. सातांपैकी दोघी उरल्या तरी वही बंद करू नका. ऊर्मिलाताई आणि मीनाक्षीताई दोघीच होत्या.

येत्या पौर्णिमेला

३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, १४ एप्रिलला बाबासाहेब, असे आपले वर्ष मानाच्या दिवसांनी भरलेले आहे. सावित्रीमाई स्वतः कवयित्री होत्या, त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. त्यांच्या जयंतीला भाषण एक कमी ठेवा आणि वस्तीतल्या एका कवयित्रीला उभी करा. संगमनेर तालुक्यातल्या भगिनींनी हिवरगावच्या पवळेचे नाव घेऊन सुरुवात केली, तर त्याहून योग्य काय?

पण इतकी वाट कशाला पाहायची? येत्या पौर्णिमेला विहारात जाताना एक वही आणि एक पेन सोबत घ्या. वंदना झाली की शेजारी बसलेल्या आजीला एवढेच विचारा, 'आजी, तुम्ही मघाशी जे म्हटलं ते कुणी रचलं?' ती लाजेल, 'असंच गं, तोंडात आलं' म्हणेल. तुम्ही लिहून घ्या. वर तिचे नाव घाला. ज्या संघाने पाणी वाहणाऱ्या पुण्णिकेचे नाव अडीच हजार वर्षे पुसू दिले नाही, त्या संघाच्या आपण लेकी आहोत. आपल्या आजीचे नाव निदान शंभर वर्षे तरी टिकवू या!

जय भीम! नमो बुद्धाय!